जिंकल्यावरही विद्यार्थीच

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ शहरात साधारण दर चार वर्षांनी व्हॅन क्लायबर्न आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा भरते. तिची सोळावी खेप २०२१ मध्ये व्हायची होती, पण कोविडमुळे ती वर्षभर पुढे गेली. या स्पर्धेत उतरायचे तर वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. २०२१ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियाचा युनचान लिम सतरा वर्षांचा होता. ठरल्या वेळी स्पर्धा झाली असती, तर त्याला त्यात उतरता आले नसते. जून २०२२ मध्ये तो फोर्ट वर्थला पोहोचला तेव्हा त्याला अठरा पूर्ण होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. तिथून तो परतला तो सुवर्णपदक घेऊन. १९६२ पासून चालत आलेल्या या स्पर्धेच्या इतिहासातला तो सर्वांत तरुण विजेता ठरला.

कन्चेर्तो म्हणजे एकल वादक आणि पूर्ण वाद्यवृंद यांचा संवाद. अंतिम फेरीत त्याने वाजवलेल्या संगीतकार रखमानिनॉव्हच्या तिसऱ्या कन्चेर्तोची चित्रफीत आजवर एक कोटीहून अधिक वेळा पाहिली गेली आहे. शास्त्रीय पियानोच्या जगात हा आकडा अचाट आहे. एका रात्रीत प्रसिद्धी मिळाली असे अशा वेळी सर्रास म्हटले जाते. लिमच्या बाबतीत त्या रात्रीच्या मागे अकरा वर्षे होती, आणि खरी गोष्ट त्या अकरा वर्षांत आहे.

२० मार्च २००४ रोजी राजधानी सोलजवळच्या शिहंग शहरात त्याचा जन्म झाला. आईवडील दोघेही संगीतक्षेत्रातले नव्हते. सातव्या वर्षी, शाळा सुटल्यावर मुलाने काहीतरी शिकावे म्हणून घरच्यांनी त्याला जवळच्या पियानोच्या क्लासला घातले. बरोबरीची मुले कुठे ना कुठे जातच होती. हा पियानोला गेला. आईने विकत घेतलेली शोपँ आणि लिस्ट यांची ध्वनिमुद्रणे घरात होती, ती त्याच्या कानावरून गेलेली होती. घराण्यात चालत आलेली कला नाही, पाळण्यातला चमत्कार नाही. पियानोच्या इतिहासात तीन-चार वर्षांच्या वयात मंचावर बसवलेल्या मुलांच्या कथा भरपूर आहेत. त्यांच्या शेजारी सात वर्षे म्हणजे चक्क उशीरच.

पण कोरियात असा क्लास कोपऱ्याकोपऱ्यावर असतो, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. १९५० ते ५३ च्या युद्धाने हा देश उद्ध्वस्त झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच तिथे यंग चांग आणि सामिक या पियानो बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. मध्यमवर्ग वाढत गेला तसा भिंतीला टेकवून ठेवायचा उभा पियानो घराघरांत आला. १९७४ मध्ये चंग म्यंग-हुन हा तरुण मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत दुसरा आला, तेव्हा सोलमध्ये उघड्या मोटारीतून त्याची मिरवणूक निघाली होती. दुसऱ्या क्रमांकासाठी मिरवणूक! ज्या देशाला जगाच्या नकाशावर आपले नाव कोरायचे होते, त्याने संगीताकडे किती गांभीर्याने पाहिले हे त्यावरून कळते. पुढे १९९० च्या दशकात सरकारने कोरिया राष्ट्रीय कला विद्यापीठ सुरू केले आणि नंतर त्याच्या छत्राखाली विशेष गुणवत्तेच्या मुलांसाठी वेगळी संस्थाही काढली. परदेशी न जाताही पहिल्या दर्जाचे शिक्षण मिळण्याची सोय झाली. फोर्ट वर्थचे पदक घेताना लिम पूर्णपणे कोरियातच शिकलेला होता.

वर्षभरात छोटा लिम सोल आर्ट्स सेंटरच्या संगीत अकादमीत दाखल झाला. तेराव्या वर्षी तो वर सांगितलेल्या गुणवंत मुलांच्या संस्थेत गेला आणि तिथे त्याला मिन्सू सोन भेटले.

पाश्चात्त्य संगीतात घराणे हा शब्द नाही, पण गुरुपरंपरा आहे आणि पियानोवादक ती अभिमानाने सांगतात. सोन हे २००६ च्या कॅनडातील होनेन्स स्पर्धेचे विजेते. ते बॉस्टनला रसेल शर्मन यांच्याकडे शिकले. शर्मन शिकले एडुआर्ड श्टॉयरमन यांच्याकडे, आणि श्टॉयरमन हे फेरूच्चो बुसोनी यांचे शिष्य. बुसोनी म्हणजे लिस्टच्या संगीताचा विसाव्या शतकातला मोठा भाष्यकार. लिस्टच्या एत्यूदांची, म्हणजे एखादी अवघड गोष्ट बोटांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या रचनांची, संपादित आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. शर्मन यांनी याच एत्यूदांचे पूर्ण ध्वनिमुद्रण केले होते. कोरियातला तेरा वर्षांचा मुलगा एका खोलीत सोन यांच्यासमोर बसला, तेव्हा एवढी सगळी मंडळी त्या खोलीत हजर होती असे म्हणायला हरकत नाही. लिम आपल्या गुरूंविषयी बोलतो ते श्रद्धेच्या भाषेत. संगीताबरोबर जगण्याकडे पाहायची नजरही त्यांनीच दिली, असे तो वारंवार सांगत आला आहे.

या शिक्षणात वाचनाला मोठी जागा होती. लिस्टची ‘दान्ते’ सोनाटा वाजवायची म्हणून लिमने दान्तेचे ‘डिव्हाइन कॉमेडी’ हाती घेतले. कोरियन भाषेत मिळतील तेवढे अनुवाद त्याने वाचले, इतके की काही भाग जवळपास पाठ झाला. चौदाव्या शतकातल्या इटालियन कवीचे महाकाव्य शाळकरी मुलाने पुन्हा पुन्हा वाचावे, तेही वीस मिनिटांच्याही आतल्या रचनेसाठी! बोटांना त्यातून काय मिळाले हे मोजता येणार नाही. वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र नरकाचे चित्र स्पष्ट उभे राहिले असणार. ऐकण्याची त्याची सवयही तशीच खोल. आल्फ्रेड कॉर्तो, इग्नात्स फ्रीडमन, व्लादिमिर होरोविट्झ अशा जुन्या वादकांची ध्वनिमुद्रणे त्याने पारायण केल्यासारखी ऐकली. आजचे वादन नोटेशनशी काटेकोर असते. त्या पिढीतले वादक मात्र प्रत्येक जण आपल्या वेगळ्या आवाजात बोलत. लिमच्या वादनात त्या काळाचा वास येतो तो यामुळे.

स्पर्धांची सुरुवात २०१८ मध्ये झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात त्या वर्षी मुलांसाठीच्या दोन स्पर्धा त्याने दिल्या. क्लीव्हलँडला दुसरा आला, ओबर्लिनच्या कूपर स्पर्धेत तिसरा. कूपर स्पर्धेत श्रोत्यांनी दिलेले बक्षीस मात्र त्यालाच मिळाले. परीक्षकांच्या गुणांत मागे आणि श्रोत्यांच्या मनात पुढे, असे वादक पुढे मोठे होतात हा संगीताच्या इतिहासातला जुना अनुभव आहे.

२०१९ मध्ये पंधराव्या वर्षी त्याने कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तोंगयंग शहरातली इसांग युन स्पर्धा जिंकली; तिथेही सर्वांत लहान वयाचा विजेता तोच. ही स्पर्धा ज्यांच्या नावाची आहे त्या इसांग युन यांची कहाणी अंगावर काटा आणणारी आहे. तोंगयंगला वाढलेले हे संगीतकार पश्चिम जर्मनीत स्थायिक झाले होते. १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचरांनी त्यांना बर्लिनमधून पळवून नेले, हेरगिरीचा आरोप ठेवून तुरुंगात टाकले. जगभरच्या संगीतकारांनी आवाज उठवल्यावर १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. ते जर्मनीला परतले आणि १९९५ मध्ये बर्लिनमध्येच वारले. ज्या देशाच्या सरकारने त्यांना कोठडीत डांबले त्याच देशात आज त्यांच्या नावाची स्पर्धा भरते आणि कोरियाची मुले तिथे घडतात.

आता फोर्ट वर्थकडे. व्हॅन क्लायबर्न हा टेक्सासमध्ये वाढलेला अमेरिकन तरुण. १९५८ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, तो मॉस्कोला गेला आणि पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून आला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कागदाचे तुकडे उधळत लोकांनी त्याचे स्वागत केले. त्याच्या नावाच्या स्पर्धेत १,००,००० डॉलरचे पहिले बक्षीस आहे आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पुढच्या तीन वर्षांच्या मैफलींची व्यवस्था. २०२२ मध्ये ३८८ अर्जांतून तीस जण निवडले गेले. मग अठरा, मग बारा, मग सहा. सव्वादोन आठवड्यांत शेवटच्या सहा जणांना चार फेऱ्यांत मिळून कित्येक तासांचे संगीत स्मरणातून वाजवावे लागते, त्यातले तीन कन्चेर्तो वाद्यवृंदाबरोबर.

त्या जूनमध्ये युक्रेनवरचे रशियाचे आक्रमण सुरू होऊन साडेतीन महिने झाले होते. रशियन स्पर्धकांना येऊ द्यावे का, असा वाद बाहेर चालू होता. आयोजकांनी त्यांना येऊ दिले. शेवटी रौप्यपदक मिळाले रशियाच्या अॅना गेनियुशेनेला आणि कांस्यपदक युक्रेनच्या द्मित्रो चोनीला. त्या दोघांच्या वर एक कोरियन मुलगा उभा होता.

सर्वांना आठवते ती अंतिम फेरी. पण लिम कोण आहे हे कळायचे असेल तर उपांत्य फेरी पाहावी.

उपांत्य फेरीतल्या एकल वादनासाठी साधारण तासाभराचा वेळ असतो. स्पर्धक बहुधा त्यात तीन-चार वेगवेगळ्या रचना घेतात. एक संथ, एक झगझगीत, एक आधुनिक. एखादी बिघडली तर दुसरी सावरून घेते. लिमने एकच गोष्ट निवडली: लिस्टचे बारा ‘ट्रान्सेन्डेंटल एत्यूद’, सलग. लिस्टने या बारांचा पहिला आराखडा किशोरवयात केला आणि तो १८२६ च्या सुमारास छापला गेला. १८३० च्या दशकात त्याने ते इतके कठीण करून लिहिले की वाजवणारा मिळणे मुश्कील. १८५२ मध्ये त्यांना आजचे रूप आले आणि ते लिस्टने आपले लहानपणीचे गुरू कार्ल चेर्नी यांना अर्पण केले. पोरसवदा हाताने सुरू झालेले काम चाळिशीच्या माणसाने पुरे केले. अठरा वर्षांच्या मुलाने नेमके हेच निवडावे, याला अर्थ आहे.

बारांतला चौथा, ‘माझेप्पा’. व्हिक्टर ह्यूगोच्या कवितेतली ही कथा: एका तरुणाला शिक्षा म्हणून उधळलेल्या घोड्याच्या पाठीवर बांधून सोडून देतात, घोडा दिवसेंदिवस धावत राहतो, शेवटी कोसळतो, आणि तो अर्धमेला माणूस पुढे युक्रेनच्या कोसॅकांचा नायक होतो. पियानोवर दोन्ही हात वर-खाली झेपा घेतात, मधल्या सप्तकांत टापांचा खडखडाट चालू राहतो आणि त्या सगळ्याच्या वरून सूर ऐकू यावा लागतो. नुसता जोर लावणाऱ्याच्या हाती इथे गोंगाट येतो. लिमच्या वादनात टापांच्या गर्दीतही वरचा सूर एखाद्या गायकाने श्वास घेऊन म्हणावा तसा सलग राहतो. त्यानंतर पाचवा, ‘फ फोले’, दलदलीवर रात्री चमकून नाहीसे होणाऱ्या फसव्या दिव्यांचा. उजव्या हाताला एकाच वेळी दोन-दोन स्वर, प्रचंड वेगाने, आणि तेही अगदी हळू आवाजात. माझेप्पाने खांदे आणि दंड थकवल्यावर लगेच हे करायचे असते. शेवटचा, ‘शास-नेज’, म्हणजे वाऱ्याने उडणारा बर्फ: थरथरत राहणाऱ्या स्वरांखाली एक उदास सूर हळूहळू गाडला जातो.

पासष्ट मिनिटे तो तसा वाजवत राहिला. बारा कोडी एकामागून एक सोडवल्यासारखे ते वाटत नाही. एकाच प्रवासातले बारा मुक्काम असल्यासारखी ती रचना उलगडत जाते. आधीच्या एत्यूदचा शेवटचा नाद हवेत असतानाच पुढच्याचा रंग सुरू होतो. हे वादन पुढे २०२३ मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध झाले, आणि स्पर्धेच्या ताणाखाली, एका दमात, प्रेक्षकांसमोर झालेले हे काम स्टुडिओत दुरुस्त्या करून केलेल्या कित्येक मुद्रिकांपेक्षा सरस आहे.

१७ जूनला अंतिम फेरीत, बास परफॉर्मन्स हॉलमध्ये, रखमानिनॉव्ह झाला. हा तिसरा कन्चेर्तो रखमानिनॉव्हने १९०९ मध्ये आपल्या पहिल्या अमेरिका दौऱ्यासाठी लिहिला आणि बोटीवरच्या प्रवासात आवाज न करणाऱ्या पट्टीवर त्याचा सराव केला. नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कला तो पहिल्यांदा वाजला. योझेफ होफमन या महान पियानोवादकाला तो अर्पण केला होता; होफमनने तो कधीच जाहीरपणे वाजवला नाही. चाळीसहून अधिक मिनिटे पियानोला फारशी विश्रांती नसते, त्यामुळे या रचनेभोवती भीतीचे वलय आहे. मुळात तिची सुरुवात मात्र अगदी साधी आहे. दोन्ही हात एकाच सुरावटीचे एकेरी स्वर वाजवतात, एखादे मूल वाजवील इतके सोपे. लिम तिथे काहीच ‘करत’ नाही. मग सूर वाढत जातो आणि शेवटच्या भागात वाद्यवृंद व पियानो दोघेही वेग घेतात, तेव्हा पियानो मागे राहत नाही; उलट वाद्यवृंदालाच पुढे ओढतो. कंडक्टर मरिन ऑल्सप या परीक्षक मंडळाच्या अध्यक्षही होत्या. शेवटचा स्वर संपल्यावर त्यांनी डोळे पुसले, ते चित्रफितीत दिसते.

सुवर्णपदकाबरोबर श्रोत्यांचे बक्षीस आणि नव्या रचनेच्या उत्तम वादनाचे बक्षीसही त्याला मिळाले. ती नवी रचना स्टीफन हफ यांनी स्पर्धेसाठीच लिहिली होती. मग पत्रकार परिषदा झाल्या. तिथे या मुलाने सर्वांना चकित केले. स्पर्धा जिंकल्याने माझे वादन सुधारलेले नाही, तेव्हा सरावच करायला हवा, अशा आशयाचे तो बोलला. डोंगरात जाऊन फक्त पियानो वाजवत राहावे अशी इच्छा आहे, पण मग पोट कसे भरणार, असेही तो म्हणाला होता. हे विनयाचे ठरीव बोल म्हणून सोडून देता आले असते. पुढच्या तीन वर्षांत त्याने जे केले त्यावरून कळते की तो शब्दशः खरे बोलत होता.

असे पदक मिळाल्यावर दोन वाटा असतात. जगभरची सभागृहे बोलावतात, तेच गाजलेले कन्चेर्तो पुन्हा पुन्हा मागतात. खुद्द क्लायबर्नचे पुढचे आयुष्य या मागणीखाली दबले. चायकोव्हस्कीच्या ज्या कन्चेर्तोने त्याला मोठे केले तोच तो वर्षानुवर्षे वाजवत राहिला आणि १९७८ नंतर अनेक वर्षे मंचापासून दूर गेला. लिमनेही मैफली घेतल्या: जानेवारी २०२३ मध्ये लंडनचा विगमोर हॉल, मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर तोच रखमानिनॉव्ह. पण शिक्षण त्याने सोडले नाही. २०२३ मध्ये मिन्सू सोन बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकवायला गेले, जिथे ते स्वतः शर्मन यांच्याकडे शिकले होते. सुवर्णपदकविजेता लिमही त्यांच्या पाठोपाठ विद्यार्थी म्हणून तिथे दाखल झाला.

डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीबरोबर करार झाल्यावर पहिल्या स्टुडिओ ध्वनिमुद्रिकेसाठी त्याने शोपँचे चोवीस एत्यूद निवडले. पियानो शिकणारा प्रत्येक जण यांच्यातून जातो, आणि म्हणूनच ते ध्वनिमुद्रित करणे धाडसाचे. जगातल्या प्रत्येक पियानोवादकाचे त्यांच्याविषयी मत असते. पहिला बारांचा संच शोपँने लिस्टला अर्पण केला होता. दुसऱ्या संचातला सातवा एत्यूद संथ आहे. त्यात डावा हात चेलोसारखा गातो आणि सुरुवातीला तो एकटाच असतो. एप्रिल २०२४ मध्ये मुद्रिका आली तेव्हा लिमने सांगितले की या एत्यूदच्या नुसत्या सुरुवातीच्या दोन मापांवर त्याने सात तासांहून अधिक सराव केला. पहिला स्वर हृदयाला भिडेपर्यंत तो पुन्हा वाजवायचा, मग दुसरा, मग दोघांमधला सांधा. ती दोन मापे ऐकायला काही सेकंद लागतात, आणि त्यांत वेगाचा, ताकदीचा काहीही प्रश्न नाही. प्रश्न आहे तो एक स्वर विरत असताना दुसरा त्यातून कसा उगवावा याचा. पियानोच्या तारेचा आवाज हातोडीचा आघात झाल्या क्षणापासून मंद होत जातो, वादकाला तो वाढवता येत नाही. गळ्यातून किंवा गजाने काढलेला स्वर फुगवता येतो, पियानोचा नाही. सात तास त्याने या वाद्याच्या मूळ मर्यादेशी झुंज दिली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या पहिल्या मैफलीतही त्याने हेच एत्यूद वाजवले. ऑक्टोबरमध्ये ग्रामोफोन मासिकाचे पियानो विभागाचे पारितोषिक या मुद्रिकेला मिळाले आणि वर्षातला तरुण कलाकार म्हणूनही लिमचीच निवड झाली. मधल्या काळात, मार्चमध्ये, हाताला ताण आल्याने त्याला काही कार्यक्रम रद्द करून विश्रांती घ्यावी लागली होती. वीस वर्षांच्या वादकाला हे व्हावे ही काळजीची गोष्ट आहे. रोजचे तासन्‌तास आणि सततचा प्रवास यांचा हिशेब हातच ठेवतात, आणि आयोजकांनी व श्रोत्यांनीही तो ठेवायला हवा. जून २०२५ मध्ये हाँगकाँगचा अॅरिस्टो शाम पुढची क्लायबर्न स्पर्धा जिंकला. दर काही वर्षांनी नवे नाव येते आणि तितक्याच मैफलींचा भार त्याच्या खांद्यांवर पडतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिम पुन्हा कार्नेगी हॉलला गेला, तो बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ घेऊन. एक छोटी सुरावट, तिची तीस रूपे, आणि शेवटी पुन्हा तीच सुरावट. मिन्सू सोन यांची याच रचनेची ध्वनिमुद्रिका बऱ्याच वर्षांपूर्वी वाखाणली गेली होती, त्यामुळे गुरूच्याच वाटेने शिष्य आपले पाऊल टाकत होता. बाखच्या आधी लिमने एक नवी छोटी रचना वाजवली. ती हानुरिज ली या त्याच्याहूनही लहान, तेव्हा विशीही न गाठलेल्या कोरियन संगीतकाराची होती. आपल्या नावावर भरलेल्या सभागृहात त्याने पहिली काही मिनिटे या मुलाला दिली.